हाळीच्या माळावरची रिकामी ओळ

सातवाडीच्या खोऱ्यात शिरलं की सर्वांत आधी दिसतो तो हाळीचा माळ. माळ कसला, टेकडीच आहे ती. पण माथा सपाट, म्हणून माळ. माथ्यावर एक लोखंडी खांब, खांबाच्या पायथ्याशी दोन खोल्यांची दगडी इमारत आणि तिच्या दारात दगडांची कमरेएवढी रास. राशीवर मातीचं वाडगं. वाडग्यात नेहमी मूठभर भात असतो. तो कावळे खातात, खारी खातात, मुंग्या नेतात. कुणी हाकलत नाही.

हे खोऱ्यातल्या लोकांचं रेडिओ केंद्र. लोक त्याला ठेसन म्हणतात. इथून बातम्या लागत नाहीत, सिनेमातली गाणी लागत नाहीत. आवणीची, म्हणजे भातलावणीची, गाणी लागतात, खळ्यावरची लागतात, हळदीची, पाळण्याची, बैल धुताना म्हणायची लागतात. खोऱ्यातल्याच माणसांनी म्हटलेली आणि खोऱ्यातल्याच माणसांसाठी.

नव्या माणसाला इथल्या दोन गोष्टी चमत्कारिक वाटतात. सकाळी ज्यानं यंत्र सुरू केलं, संध्याकाळी त्यानंच ते बंद करायचं. मधे त्याला ताप भरला तर पाठुंगळी घेऊन वर आणतात, पण दुसऱ्याचा हात बटणाला लागू देत नाहीत. आणि दुसरी गोष्ट अशी, की दिवस मावळताना जे शेवटचं गाणं म्हटलं जातं, त्यातली एक ओळ म्हणतच नाहीत. यंत्र चालू असतं, म्हणणारं माणूस माईकसमोर असतं, आणि एका ओळीएवढा वेळ ठेसन गप्प राहतं. मग पुढची ओळ येते.

ठेसनाची राखण करणारे बुधाजी लेंडे आल्यागेल्याला यामागची कथा सांगतात. मागच्या हिवाळ्यात पुण्याहून काही मंडळी गाणी ध्वनिमुद्रित करायला आली होती. त्यांच्यातल्या एका मुलीनं बुधाजींपुढे मोबाइल धरला, तेव्हा त्यांनी आधी विचारलं,

"ताई, चालू केलात का?"

"हो. चालेल ना?"

"चालंल की. पण आता मधी बंद करायचा नाय. आन् बंद करताना तुमीच करायचा, ह्यांच्यातल्या कुणाच्या हाती द्यायचा नाय."

मुलगी हसली. बुधाजी हसले नाहीत. त्यांनी वाडग्याच्या काठावरचा पाचोळा बोटानं उडवला आणि दाराच्या पायरीवर बसून सांगायला सुरुवात केली.

फार मागची गोष्ट आहे म्हणे. खोऱ्यात वीज नव्हती, नदीवर पूल नव्हता. नव्याच्या सणाला हाळी द्यायची रीत मात्र तेव्हाही होती. भात झोडून पहिली रास पडली, की गावातली एक जाणती बाई खळ्यावर उभी राहायची आणि गेलेल्या माणसांना जेवायला बोलवायची. नाव घेऊन बोलवायची. सर्वांत जुन्या माणसापासून सुरुवात करून त्या वर्षी गेलेल्या माणसापर्यंत.

*या गं या, या रं या, नवं भात उतू आलं,*
*खळ्याच्या कडेला बघा, पान तुमचं मांडलं.*

नव्या भाताची पानं वाढून ठेवायची आणि जिवंत माणसांनी दूर बसायचं. दिवस मावळायच्या आत त्याच बाईनं पाठवणी म्हणायची. पाठवणीत नावं उलट्या क्रमानं येतात. जे सर्वांत शेवटी गेलं त्याचं नाव पहिलं, कारण त्याचाच पाय घरात जास्त अडकलेला असतो. ते उठलं की बाकीचे आपोआप उठतात.

*जेवलात का, निवलात का, हात तुमचे वाळले,*
*उठा आता, वेशीवरचे दिवे आम्ही पाजळले.*
*जाताना मागं बघू नका, आमचं इथं बरं हाय,*
*पुढच्या नव्याला बोलावू, तवर तिथंच घर हाय.*

ज्यानं बोलावलं त्यानंच पाठवायचं, हा त्यातला नियम. खोऱ्यात अजूनही पाहुणा निघाला की यजमान वेशीपर्यंत जातो. शेजाऱ्यानं "या आता" म्हटलं म्हणून कोणता पाहुणा उठेल?

त्या काळी हाळी देणारी बाई म्हणजे ठमाबाई भवारी, आणि तिचा एकुलता मुलगा देवराम. देवराम फौजेत वायरलेसवर होता. सुटून आला तेव्हा भंगारात निघालेलं एक यंत्र बैलगाडीत घालून घेऊन आला. लोक म्हणाले, फौजेतून माणसं पेटी भरून सामान आणतात, आमच्या गड्यानं डबा आणला. देवराम ऐकून घ्यायचा. लांबच्या मुलखात, बर्फातल्या तंबूत बसून त्यानं कानाला यंत्र लावून कुठकुठली गाणी ऐकली होती. डोंगरापलीकडच्या लोकांची, समुद्रापलीकडच्या लोकांची. आपल्या खोऱ्यातलं एकही कधी ऐकू आलं नव्हतं. सगळ्या जगाचं गाणं हवेतून जातं आणि आमचंच तेवढं खळ्यावर विरून जातं, हे त्याला सहन होत नव्हतं. त्यानं माळावर कुडाची खोली घातली, बांबूला तार बांधली, ट्रकची बॅटरी लावली आणि सातही वाड्यांतल्या बायकांना वर बोलावून गायला लावलं. वाडीवाडीत एकेक रेडिओ आला. ज्या बायकांना कुणी कधी दोन शब्द विचारले नव्हते, त्यांचा आवाज नदीपलीकडच्या घरात ऐकू जाऊ लागला.

या वेडात पहिल्या दिवसापासून त्याच्याबरोबर होती ती त्याची बायको, गोदा. गोदा पुढं होऊन गाणारी नव्हती. ती झील धरायची. मुख्य बाई ओळ म्हणते आणि मागच्या बायका ओळीचे शेवटचे शब्द उचलून धरतात, ती झील. गोदाची एक खोड होती. ओळ पुरी व्हायच्या आधीच ती झील धरायची.

"जरा दम धर की," देवराम म्हणायचा. "ओळ संपू दे."

"तुमची ओळ संपायची वाट बघत बसले तर भात पिकून गळंल."

तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या माईकला लागून किणकिणायच्या, त्याचीही त्याला कटकट व्हायची. एकदा त्यानं बांगड्या काढून ठेव म्हटलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नवरा समोर बसलेला असताना बांगड्या काढू व्हय? तुमच्या डब्यापायी?" वाडीतल्या बायका हे पुढं कितीतरी दिवस एकमेकींना सांगून हसत होत्या.

त्या साली आवणीच्या दिवसांत देवराम बॅटरीसाठी तालुक्याला गेला. मागे पाऊस लागला, नदी चढली आणि तो पलीकडच्या काठावर अडकून पडला. इकडे गोदाला खाचरात पान लागलं. साप कोणता होता ते कुणी पाहिलं नाही. पाणी उतरून देवराम घरी पोचला तेव्हा राखसुद्धा निवली होती. त्यानं खांद्यावरची बॅटरी उंबऱ्याबाहेर ठेवली, आईकडे एकदा पाहिलं आणि तसाच माळावर चढून गेला. तो रडला नाही, असं सांगतात. तिचं तोंड पाहिलं नाही, तिला वेशीपर्यंत पोचवलं नाही. रडायचं तरी कुणासमोर?

कार्तिकात भात झोडलं. सातही वाड्यांत गोदानंतर कुणी गेलं नव्हतं, म्हणून त्या साली हाळीतलं शेवटचं नाव तिचं होतं. ठमाबाई खळ्यावर उभी राहिली. देवराम आवाज टिपायचं यंत्र घेऊन जवळ बसला. आईचं वय झालं होतं, तिच्यामागं हाळी देता येणारी दुसरी बाई नव्हती, आणि हे गाणं जाता कामा नये असं त्याला मनापासून वाटत होतं. फितीचं चाक फिरत राहिलं. ठमाबाईनं एकेक नाव घेतलं, शेवटी "गोदा" म्हटलं, आणि तेवढ्यात फीत संपली. तिचं सुटलेलं टोक चाकावर फटफट आपटायला लागलं. पानं वाढली गेली, दिवस कलला, ठमाबाईनं पाठवणी म्हटली. ती मात्र फितीवर आली नाही.

देवरामजवळ दुसरी फीत नव्हती असं काही जण म्हणतात. काही म्हणतात, होती, पिशवीतच होती. यावर सात वाड्यांचं आजवर एकमत झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यानं ती हाळी ठेसनावरून लावली.

खळ्यावरची हाळी आवाज पोचेल तिथवरचीच असते. यंत्रातून गेलेली हाळी सातही वाड्यांत, गुरांच्या वाटांवर, नदीकाठच्या राखेवर, सगळीकडे एकाच वेळी पोचली. लोक रेडिओभोवती जमले. आपल्या माणसांची नावं डब्यातून येताना ऐकून बायकांनी पदर डोळ्यांना लावला. शेवटी "गोदा" हे नाव आलं आणि फीत थांबली. पुढं काहीच नाही. नुसती खरखर.

देवरामनं यंत्र बंद करायला हात पुढं केला, आणि तो हात तसाच राहिला. कानाला लावलेल्या डब्यांत, खरखरीच्या आत, बांगड्या किणकिणल्या होत्या.

त्या सांजेपासून देवराम शेवटचं गाणं झालं तरी यंत्र लगेच बंद करीनासा झाला. आणि नवल असं, की खाली वाड्यांतही कुणी रेडिओ बंद करीना. गाणी संपल्यावर लोक त्या खरखरीला कान लावून बसू लागले. कुणाला त्यात मेलेल्या बापाचं अडकित्त्यानं सुपारी कातरणं ऐकू यायचं, कुणाला लहानपणी गेलेल्या पोरीचं लाडात येणं. बुधाजींची आजी, झिंगुबाई, हिच्या रेडिओत तिचा नवरा खोकायचा. ती शेजारणीला म्हणाली म्हणे, "जन्मभर ह्याचा खोकला ऐकला. वाटलं व्हतं, सुटले. आता डब्यात बी त्योच." पण रेडिओ तिनंही बंद केला नाही. उलट रात्रीच्या भाकरीतली पहिली चतकोर ती रेडिओजवळ ठेवू लागली.

सुरुवातीला सगळ्यांना बरं वाटलं, हे बुधाजी आवर्जून सांगतात. भूत म्हटलं की माणूस घाबरतं. इथं कुणी घाबरलंच नाही, कारण परकं कुणी आलंच नव्हतं. चुली आपोआप सारवलेल्या दिसायच्या. ओसरीवर तंबाखूचा वास यायचा. गोठ्यातली म्हैस भलत्याच कुणाच्या तरी हाताची वाट पाहत असल्यासारखी मान वळवून उभी राहायची आणि धारेला जिवंत माणूस बसलं की पान्हा चोरायची.

मग हळूहळू जेवणातली चव गेली. काळभात शिजला की त्याचा वास पूर्वी बांधावर यायचा; आता ताटावर वाकलं तरी येईना. माणसं कामाला जाईनाशी झाली. माळरानातली लाकडं तशीच राहिली, रोपांचे वाफे भाजायच्या राबाला पालापाचोळा कुणी गोळा केला नाही. पोरं अंगणात खेळायची सोडून भिंतीकडे तोंड करून कुणाशी तरी बोलत बसायची. बोलावलेली माणसं पानावर बसलेली होती आणि त्यांना उठा असं कुणी म्हटलं नव्हतं. ती बिचारी जेवतच होती.

वैशाखात, पेरणीच्या आधी, ठमाबाईनं रिवाजाप्रमाणे मूठभर बियाणं ओल्या फडक्यात बांधून पाहिलं. फडकं उघडलं तर एकाही दाण्याला मोड नव्हता. शेजारणीचं पाहिलं, तेही तसंच. सातही वाड्यांतल्या कणग्यांमधलं भात दिसायला सोन्यासारखं होतं आणि आतून निजलेलं होतं. पेरायलाच काही नव्हतं. पुढच्या साली सातवाडी काय खाणार, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांच्या तोंडावर आला.

ठमाबाई एकटीच खळ्यावर गेली आणि तिनं पाठवणी म्हटली. पानही हललं नाही. तेव्हा ती काठी टेकत माळावर चढली. सून गेल्यापासून ती वर आली नव्हती. देवराम कानाला डबे लावून बसला होता. गाल आत गेलेले, दाढी वाढलेली.

"काय ऐकतोस?" ती दारातच बसत म्हणाली.

"काय नाय आये. यंत्र तपासतोय."

"बांगड्या वाजत्यात का?"

देवरामनं कानावरचे डबे काढून मांडीवर ठेवले.

"मला बी येत्यात ऐकू. चुलीपाशी. म्हातारी झाले मी, बहिरी नाय झाले." तिनं पदरातलं फडकं सोडून त्याच्यापुढं ठेवलं. काळपट पडलेले, मऊ दाणे. "पाठवणी म्हणून आले मी खळ्यावर. कुणी हललं नाय. मी बोलावलेली कवाच गेली रं. ही तुझी पाहुणी हायत. तू डब्यातनं बोलावलीस. ह्यांना उठा म्हणाया मी कोण?"

"आये, एवढा एक पावसाळा जाऊ दे. पुढच्या नव्याला तूच..."

"नव्याला काय शिजवशील? हे?"

देवरामनं त्यातला एक दाणा उचलून चिमटीत दाबला. मग म्हणाला, "शिकव मला."

पाठवणी त्याला लहानपणापासून पाठ होती. नावांचा उलटा क्रम तेवढा आईनं घोटून घेतला. त्याच सांजेला त्यानं ती ठेसनावरून म्हटली. आवाज चांगला लागला होता. वाड्यांतल्या लोकांनी उंबऱ्यावर दिवे लावले. पण सकाळ झाली तरी तंबाखूचा वास तसाच, म्हैस तशीच, फडक्यातला दाणा तसाच.

ठमाबाई पुन्हा वर आली. तिनं आरडाओरडा केला नाही. म्हणाली, "पहिलं नाव गिळलंस."

"व्हय."

"तिनंच उठायला पाहिजे पहिलं. ती बसली तर मागचे सगळे बसले."

"आये, नाव घेईन मी. घेईन कसंतरी. पण त्यातली ती ओळ... आमचं इथं बरं हाय. माझं नाय बरं. तिला मी पोचवलं नाय, तिचं तोंड पाहिलं नाय, आणि आता खोटं बोलून हाकलू?"

ठमाबाईनं बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "सगळी खोटंच म्हणत्यात, देवा. तुझा बाप गेला तवा तू माझ्या कडंवर व्हतास. घरात दाणा नव्हता. तवा मी काय खरं म्हणले? ती ओळ आपल्यासाठी नसती रं बाबा. ती त्यांच्यासाठी असती. आपलं बरं नाय असं कळलं, तर त्यांनी जायाचं कसं?"

त्या दिवशी सांज होण्याआधी सात वाड्यांत निरोप गेला. कुणी नेला ते सांगत नाहीत. पण दिवस कलताना घराघरांत माणसं रेडिओपुढं बसली होती, आणि आज काय व्हायचं आहे ते सगळ्यांना माहीत होतं. झिंगुबाईनं नवऱ्याची तंबाखूची चंची रेडिओशेजारी आणून ठेवली होती.

देवरामनं यंत्र लावलं. आई शेजारी बसली. खरखरीत बांगड्या वाजत होत्या, रोजच्यासारख्या, काहीतरी कामात असल्यासारख्या. त्यानं माईक जवळ ओढला.

"गोदा," तो म्हणाला.

बांगड्या थांबल्या. कुणीतरी काम सोडून मान वर करावी, तशा.

तो म्हणू लागला. जेवलीस का, निवलीस का, हात तुझे वाळले. ऊठ आता, वेशीवरचे दिवे आम्ही पाजळले. जाताना मागं बघू नको...

आणि तिथं तो थांबला. ओठ हलत होते, शब्द निघत नव्हता. ठमाबाईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण स्वतः तोंड उघडलं नाही. तिला उघडता येत नव्हतं. बोलावलेलं त्याचं होतं. सातही वाड्यांत रेडिओ नुसते खरखरत राहिले. दिवस डोंगराला टेकला. सूर्य पूर्ण बुडण्याआधी ओळ पुरी झाली नाही तर पाठवणी मोडली, हे पोरांनासुद्धा ठाऊक होतं.

तेव्हा खालून एक आवाज आला. रेडिओतून नाही, उघड्या हवेतून. घोगरा, म्हातारा, बेसूर. झिंगुबाई, जिनं रोज भाकरी ठेवून आपल्या माणसाला बसवून घेतलं होतं, ती आपल्या अंगणात उभी राहून म्हणत होती,

*आमचं इथं बरं हाय.*

तिच्यामागून तिच्या वाडीनं ते उचललं. मग नदीकाठच्या वाडीनं. मग पलीकडच्या कड्याखालच्या वाडीनं. बायका, गडी, पोरं, सगळी आपापल्या अंगणात येऊन म्हणत होती. कुणाचंच बरं नव्हतं. कणगीत पेरायला दाणा नव्हता, घरात जेवणाला चव नव्हती आणि ज्यांना निरोप द्यायचा ती माणसं हातभरावर बसलेली होती. तरी सगळं खोरं वर तोंड करून म्हणत होतं, आमचं इथं बरं हाय. तो आवाज माळाच्या उतारावरून चढत कुडाच्या खोलीत शिरला, माईकनं तो घेतला आणि पुन्हा सात वाड्यांवर पसरून दिला.

आणि ती ओळ पुरी व्हायच्या जरा आधी, देवरामच्या कानाला लावलेल्या डब्यांत, कुणीतरी झील धरली.

देवराम हसला, असं ठमाबाई पुढं सगळ्यांना सांगायची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसला. मग माईकजवळ वाकून हळू आवाजात म्हणाला, "आमचं इथं बरं हाय, गोदा." पुढची ओळ त्यानं म्हटली, पुढची नावं घेतली, एकही गाळलं नाही. सगळ्यांत शेवटी, ज्याचा चेहरा कुणालाच आठवत नव्हता त्या सर्वांत जुन्या माणसाचं नाव घेतलं. मग वाडग्यात भात घेऊन तो टेकडी उतरला आणि वेशीपर्यंत चालत गेला. पुढं पुढं, सावकाश, बरोबर कुणीतरी चालत असताना माणूस चालतो तसा. वेशीच्या दगडावर भात ठेवून परत वर आला आणि त्यानं स्वतःच्या हातानं यंत्र बंद केलं. कानातली खरखर आधीच निवळली होती. तिच्या आत आता काही नव्हतं.

पुढच्या फडक्यातल्या दाण्यांना मोड आले. पांढरे, सुईच्या टोकाएवढे. झिंगुबाई ते फडकं दारोदार दाखवत फिरली म्हणतात.

ती फीत देवरामनं ठेसनाच्या दारात पुरली आणि वर एक दगड ठेवला. मग जो वर येई तो एक दगड ठेवू लागला. हाळी पुन्हा ठेसनावरून कधी लागली नाही. त्या साली नव्याच्या दिवशी ठमाबाईनं ती खळ्यावरच दिली. देवराम खळ्यावर गेला, गोदाचं पान त्यानं स्वतः वाढलं, आणि सांजेला आईनं सगळ्यांना नीट पाठवलं. ठेसन मात्र त्यानं म्हातारा होईपर्यंत चालवलं. परवाने, कागदपत्रं, लोखंडी खांब, दगडी भिंती हे सगळं नंतरच्या माणसांनी केलं. ती रिकामी ओळ तेवढी त्याची आहे. पाठवणी तो रोज म्हणायचा, गाणं ऐकून कुणी आलं असेल तर त्यानं परत जावं म्हणून, पण नावांवाचून. आणि त्या ओळीपाशी आला की थांबायचा. ती ओळ ज्याच्या त्याच्या घरची, असं म्हणायचा.

बुधाजींचं सांगून होईतो उन्हं राशीवरून सरकून खांबाच्या टोकाला गेली होती. आत सुमन नावाची एक बाई माईकसमोर येऊन बसली. सकाळी यंत्र तिनंच सुरू केलं होतं. तिनं शेवटचं गाणं म्हणायला घेतलं. पुण्याची मंडळी नकळत उठून उभी राहिली.

"ताई," बुधाजी हळूच त्या मुलीला म्हणाले, "तुमच्याकडं शेवटचं कोण गेलं?"

मुलीचा मोबाइल धरलेला हात थोडा खाली आला.

आजही हाळीच्या माळावरून रोज तिन्हीसांजेला पाठवणी होते. आजही त्या ओळीपाशी ठेसन गप्प होतं आणि खालच्या अंगणांतून माणसं ती ओळ पुरी करतात. कुणी मोठ्यानं, कुणी भांडी घासताना पुटपुटत, कुणी बांधावर उभं राहून. त्या दिवशीही सुमन थांबली. खालून आवाज चढत आला. मुलीचे ओठ हलले. नाव कुणालाच ऐकू गेलं नाही. पुढचं तेवढं ऐकू आलं, शहरी, स्वच्छ उच्चारात, आणि मधेच तुटलेलं. आमचं इथं बरं आहे.

ओळ पुरी व्हायच्या जरा आधीच कुणीतरी झील धरली होती. मुलीनं वळून पाहिलं. मागं दगडांची रास होती आणि वाडग्यातला भात.

"कोण होतं ते?"

"कुणीतरी घाई करतंच रोज," बुधाजी म्हणाले. "बंद करा आता, ताई. तुमीच करा."